कोरडी पूजा

परवा दसऱ्याला शेजारच्या कुळकर्ण्यांच्या मुलानं स्कूटरची पूजा केली. हार घातला, नारळ फोडला, आणि तांब्यातलं पाणी हातावर घेऊन हँडलवरच्या बटनांवर शिंपडलं. वर मूठभर अक्षता. मी गॅलरीतून ओरडलो, "अरे, कोरडी कर! कोरडी कर पूजा!" आवाज इतका चढला की रस्त्यावरचा भाजीवाला थांबला. पोरगं माझ्याकडे बघतच राहिलं. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, असंच त्याला वाटलं असणार. वाटू दे. माझ्या डोळ्यांसमोर दौलतभाऊ होता. आणि आता त्याची बायको, कौसल्यावहिनी, त्याही राहिल्या नाहीत, उन्हाळ्यातच गेल्या, म्हणून बोलतो. त्या होत्या तोवर जिभेला कुलूप होतं.

एकोणीसशे सत्तर साल उलटल्यावर माझी बदली समुद्रपूरला झाली. मी एस.टी.त वाहतूक नियंत्रक, म्हणजे लोकांच्या भाषेत कंट्रोलर. स्टँड म्हणजे एक पत्र्याची शेड, एक खिडकी आणि खिडकीत मी. समोर रस्त्यापलीकडे कडुनिंबाखाली दौलतभाऊचं दुकान. मोटारीच्या वायरिंगचं काम करायचा. मागच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड. दिवसभर माझ्या नजरेसमोर तोच. पण खरं सांगू? पहिला महिनाभर मला त्याचा चेहरा नीट ठाऊक नव्हता. तळपाय ठाऊक होते. कुठल्या तरी जीपच्या नाहीतर ट्रॅक्टर-ट्रकच्या उघड्या दारातून बाहेर आलेले दोन भेगाळलेले तळपाय. बाकीचा माणूस आत, स्टिअरिंगखाली उताणा, डॅशबोर्डच्या पोटात डोकं घालून. गिऱ्हाइकं त्या पायांशीच बोलायची आणि आतून उत्तरं यायची. खुशीत असला की अंगठा हलायचा. गिऱ्हाईक खोटं बोलायला लागलं की पाय एकमेकांवर चढायचे, आणि मग कितीही बोला, आतून आवाज नाही.

त्याचं एक वाक्य अख्ख्या तालुक्यात ठाऊक होतं. "फुंकर चुलीले, मशीनले नाई." बाकीचे मिस्त्री स्विच बिघडला की काढायचे, दोनदा फुंकायचे, शर्टाला पुसायचे आणि बसवून मोकळे. दौलतभाऊला त्याची चीड. म्हणायचा, "फुकल्यानं कचरा जात नाई, आंदर जाऊन बसते. उघडून पाहा ना बाप्पा! उघडाले का पोट दुखते?" एकदा एका जीपवाल्यानं घाई केली. हिंगणघाटला लग्नाला जायचंय, स्विच बाजूला ठेव आणि वायरी पिळून थेट जोडून दे, म्हणाला. पाय एकावर एक चढले. जीपवाला तासभर बडबडला, शिव्या घातल्या, शेवटी दुसऱ्याकडे गेला. संध्याकाळी हा माझ्या खिडकीशी येऊन म्हणतो, "कंट्रोलर, तुमी बिना ब्रेकची बस सोडसान का? नाई ना? मंग मी काऊन सोडू?"

दुसरी गंमत कणकेची. डॅशबोर्डचं पॅनल काढायचं म्हणजे आधी बॅटरीची तार सोडायची, मग एकेका बटनाची टोपी, मग बारीक बारीक स्क्रू. हे स्क्रू दिसायला सारखे, पण जुन्या गाडीत ज्याच्या त्याच्या भोकाला तोच बसतो. लोक डबीत टाकतात आणि मग घोळ घालतात. दौलतभाऊ काय करायचा, तर मागे तोंड करून हाक मारायचा, "कणीक दे वो!" वहिनी कणकेचा गोळा आणून द्यायच्या. गोळा फळीवर थापून तो पॅनलच्या आकाराची पोळी करायचा, आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथेच कणकेत खोचायचा. काम झालं की स्क्रू परत जागच्या जागी, आणि कणीक दारातल्या गाईला. "आमच्या घरी गाईलेबी मोटारचं काम समजते," असं वहिनी म्हणायच्या आणि पदर तोंडाला लावून हसायच्या.

वहिनींना मूल नव्हतं. गावात त्याचं काय होतं हे तुम्हाला सांगायला नको. तोंडावर कोणी बोलत नसे, पण ओटी भरायच्या वेळी ताट नेमकं त्यांच्या अंगावरून पुढे सरके. एकदा माझ्या डोळ्यांदेखत घडलं. स्टँडमागच्या एका घरी डोहाळजेवण होतं. वहिनी गेल्या आणि पाचव्या मिनिटाला परत आल्या. डोळे लाल. दौलतभाऊ गाडीतून बाहेर आला. त्याच्या हातात आमदारांच्या जीपचं काम होतं. तो मोठ्यानं, सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं म्हणाला, "कणीक दे वो! तुह्या हाताले यश हाये. तुह्या हातची कणीक नसली त हे आमदाराची जीप चालत नाई!" वहिनी रडता रडता हसल्या. हे वाक्य तो रोज म्हणायचा, सकाळी पहिली गाडी उघडताना. तुह्या हाताले यश हाये. बाईचा सगळा जीव त्या एका वाक्यावर उभा होता, हे आम्हाला सगळ्यांना दिसत होतं.

आता त्या मोटारीचं सांगतो. कापसाचे व्यापारी होते एक, गाव त्यांना शेठजी म्हणायचं. त्यांच्या वडिलांनी नागपूरच्या कुठल्या साहेबाकडून घेतलेली विलायती मोटार होती. हिरवी, लांब नाकाची. आतला डॅशबोर्ड लाकडी, वर पितळी कड, आणि त्यात काळ्या बटनांची रांग. वायरींवर कापडी विणकाम, आणि त्या कापडाचा रंग इतका उडालेला की तांबडी कोणती आणि हिरवी कोणती ते देवालाच ठाऊक. ती मोटार आली की दौलतभाऊ आधी हात धुवायचा. बाकी गाड्यांना हात काम झाल्यावर, हिला आधी.

तिचा ड्रायव्हर गणपत. काळा, ठेंगणा, सदा तंबाखूनं गाल फुगलेला, आणि दौलतभाऊचा जिवलग. गाडी दारात लावायची, दौलतभाऊ आत शिरला की त्याच्या तळपायाला काडीनं गुदगुल्या करायच्या, हा त्याचा धंदा. आतून शिव्यांची लड सुटायची आणि गणपत माझ्याकडे बघून डोळा मारायचा. "कंट्रोलर साहेब, या मानसाचं तोंड पाह्यल्याले मले वर्ष झालं. पायच पाहून राह्यलो." गणपतला दोन मुली होत्या. बायको भारी कडक, पण दौलतभाऊला भाऊ मानायची, राखी बांधायची.

त्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर शेठजींनी हट्ट धरला. मोटार दसऱ्याला सजवून मिरवायची, आणि दिवे नीट लागत नाहीत. दौलतभाऊ म्हणाला, दसरा होऊन जाऊ द्या, खांडेनवमीला मी हत्यार उचलत नाही. शेठजी म्हणाले, "अरे, तो पहले निकाल के रख. पूजा झाली की बसव." मोठ्या माणसाचं नाही मोडवत. त्यानं पॅनल काढलं, स्क्रू कणकेत खोचले, दिव्यांचा स्विच उघडून आतली पितळी जीभ, म्हणजे वीज जोडणारी पट्टी, घासून लख्ख केली. त्याच स्विचच्या बटनाची टोपी तडकली होती, म्हणून तिथलं भोक तसंच उघडं ठेवून नवी टोपी आणायला तो नवमीला सकाळच्या गाडीनं हिंगणघाटला गेला. मीच त्याला खिडकीजवळची जागा दिली होती.

तो गावाला गेला आणि इकडे वहिनींनी खांडेनवमीची पूजा मांडली. दर वर्षी दोघं मिळून करायची. या वर्षी तो नाही, म्हणून त्यांनी एकट्यानं केली, आणि जरा जास्तच जीव लावून केली. पाटावर सगळी हत्यारं धुऊन ठेवली. पकडी, पाने, स्क्रूड्रायव्हर. मधोमध ते पॅनल, कारण सगळ्यांत देखणी वस्तू तीच. हळदीकुंकू, पाणी, झेंडूची फुलं आणि कुंकवात ओल्या केलेल्या अक्षता. मला बोलावून दाखवलं. "भाऊजी, पाहा कसं दिसून राह्यलं. देवाऱ्यासारखं!" खरंच तसं दिसत होतं. मी नमस्कार करून प्रसादाचं खोबरं घेऊन आलो.

दौलतभाऊ दुपारी परतला. मी खिडकीतून बघत होतो. तो पाटासमोर उभा राहिला आणि बघत राहिला. मला वाटलं, आता हा भडकणार. पॅनलवर नुसतं कोणी बोट ठेवलं तरी हा खेकसायचा. वहिनी दारात उभ्या, हात पदराला पुसत, शाबासकीची वाट बघत. आणि हा हसला. म्हणाला, "वा! तुह्या हाताले यश हाये."

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी त्यानं पॅनल पाटावरून उचललं. फुलं काढली, कुंकू पुसलं. वहिनी समोरच बसल्या होत्या, आपट्याची पानं निवडत. पॅनलची मागची बाजू त्यानं तोंडापाशी धरली. आणि फुंकर मारली. एकदा, दोनदा. मी रस्त्यापलीकडून पाहिलं आणि मनात म्हटलं, हे काय नवल! पण सणाचा दिवस, स्टँडवर ही गर्दी, विसरून गेलो. पॅनल बसलं. दिवे ओढून पाहिले, झगझगीत लागले. गणपतनं हॉर्न वाजवून सगळं गाव गोळा केलं.

शेठजींची मोटार मिरवली, सोनं लुटून झालं. तिसऱ्या प्रहरी गणपत पाहुण्यांना सोडायला जाम गावच्या फाट्यावर गेला आणि दिवेलागणीला एकटा परत निघाला. वळणावर दिवे गेले. एकदम. समोर कापसाची बंडी, म्हणजे बैलगाडी, उभी होती, चाकाची खीळ निघालेली, जमिनीला टेकलेली, मागं कंदील नाही. गणपतला ती दिसलीच नाही. बंडीची लाकडं काच फोडून आत आली. दवाखान्यापर्यंत न्यायलाही काही उरलं नव्हतं.

पोलिसांचं झाल्यावर मोडकी मोटार बैल लावून शेठजींच्या वाड्यात आणून टाकली. दौलतभाऊ माझ्याकडे आला. चेहरा राखेसारखा झाला होता. "कंट्रोलर, चाला माह्यासंगं. एकट्याचा हात धजत नाई." वहिनींकडून त्यानं कणीक मागून घेतली होती, त्या बिचाऱ्यांनी काही न विचारता दिली होती. आम्ही गेलो. सीटवर वाळलेलं रक्त होतं. तो तसाच त्यात उताणा झाला, डोकं आत घातलं. मी त्याच्या पायांकडे बघत उभा. एकेक स्क्रू हातात देत होता आणि मी कणकेत खोचत होतो. पॅनल बाहेर आलं. दिव्यांच्या स्विचचं मागचं कवच त्यानं उघडलं.

पितळी जिभेखाली एक तांदळाचा दाणा होता. कुंकवानं लाल झालेला. चपटा होऊन चिकटून बसला होता, आणि जीभ त्याच्यावर टेकून वर राहिली होती. सकाळी बाजूला असेल, रस्त्याच्या धक्क्यांनी सरकत खाली आला असेल.

मग तो म्हणाला, "उघडून पाहाले पाह्यजे होतं. मले समजत होतं. पन थे समोर बसली होती ना. उघडलं असतं त तिले वाटलं असतं, माही पूजा म्हंजे कचरा." त्यानं दाणा नखानं काढून तळहातावर घेतला. "कौसल्याले सांगू नोका. कोनालेच सांगू नोका. माह्या हातून स्क्रू ढिल्ला राह्यला, बस. शपथ घ्या."

मी शपथ घेतली. दुसरं काय करणार होतो?

त्यानं शेठजींना तेच सांगितलं, फौजदाराला तेच सांगितलं. गणपतच्या बायकोच्या दारात जाऊन तिलाही तेच सांगितलं. त्या बाईनं दोन्ही मुठींनी त्याच्या छातीवर मारलं. हा हात खाली सोडून उभा. मारून मारून ती थकली आणि खाली बसली, तरी हा तसाच. मागे कौसल्यावहिनी रडत होत्या. नवऱ्याच्या चुकीबद्दल रडत होत्या, माय माझी! मला तिथं उभं राहवेना, मी निघून आलो. पुढं राखीपौर्णिमेला तो मनगट मोकळं घेऊन दुकानात बसलेला असे.

पोलिसांचं प्रकरण विझलं, पण धंदाही विझला. "त्याचा हात लागला की मानूस मरते," असं लोक म्हणायला लागले. ज्यांच्या गाड्या त्यानं वर्षानुवर्षं सांभाळल्या त्यांनीच म्हटलं. जीपा बंद झाल्या. कधीमधी सायकलचा डायनॅमो नाहीतर कोणाचा रेडिओ यायचा. कणीक त्यानं पुन्हा मागितली नाही. वहिनी मात्र रोज सकाळी गोळा करून फळीवर ठेवायच्या. दुपारपर्यंत तो वाळून जायचा, मग गाईला. कितीतरी दिवस हे चाललं होतं.

आणि पुढचा दसरा आला. वहिनींनी पाट मांडला, ताट घेऊन आल्या. दौलतभाऊनं मधे हात घातला. "तू राहू दे. मी करतो." त्यानं प्रत्येक हत्याराशेजारी एकेक झेंडूचं फूल ठेवलं आणि हात जोडले. कुंकू नाही, पाणी नाही, अक्षता तर नाहीच. वहिनी ताट घेऊन उभ्याच. त्या वर्षी, त्याच्या पुढल्या वर्षी, दर वर्षी तेच. आणि ते वाक्यही गेलं. हाताला यश आहे म्हणायला त्याची जीभ उचलेना. त्याला खोटं सोसत नव्हतं, आणि खरं तर त्याहून नाही.

एक दिवस वहिनी माझ्या खिडकीशी आल्या, दुकानात बसलेल्या नवऱ्याकडे बघत म्हणाल्या, "भाऊजी, एक विचारू? यायले कोनं काई सांगतलं का माह्याबद्दल? गावातल्या बायका म्हनतेत तसं? मी वांझोटी, माह्या हातानं पूजा केली म्हनून गनपत भाऊजी गेले, असं वाटून राह्यलं का यायले?"

बाई अर्ध्या सत्यावर येऊन उभी होती, आणि तेही चुकीच्या वाटेनं. मी म्हटलं, "छे छे, काहीतरीच काय वहिनी!" त्या गेल्या. त्यांना पटलं नव्हतं, हे त्यांच्या पाठीवरून कळत होतं.

त्या संध्याकाळी मी दौलतभाऊला धरलं. चांगला तापलो होतो. "अरे, बाई झिजून चालली आहे! तिला वाटतं तू तिला अपशकुनी समजतोस. सांगून टाक एकदाचं." तो फळीवर वाळलेल्या कणकेला बोटानं टोकत होता. म्हणाला, "काय सांगू? तुह्या हातचा दाना होता म्हनू? आज थे म्हनते, मी अपशकुनी हाये का? मी म्हनन, नाई. तिले थोडं तरी वाटन का खोटं असन. दाना सांगतला त थे स्वताच म्हनन का मी अपशकुनीच. मंग मी कितीबी नाई म्हनलं त काय उपेग? नाई सांगतलं त रडन. रडू द्या. सांगतलं त जगनार नाई." मी म्हटलं, मग पूजा तरी करू दे तिला. तो ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडला. "नाई करू देऊ शकत! हात थरथरते माहे तो तांदूळ पाहून!" आणि मग हळू आवाजात, "माफ करा, कंट्रोलर."

अशी वर्षं गेली. घरात दोन माणसं, दोघं एकमेकांसाठी तुटतात, आणि बोलणं म्हणजे 'जेवले का' नि 'पाणी आणू का'. मला दोघांचाही राग यायचा, देवाचाही यायचा. माझी मधे दोनदा बदली झाली, आर्वीला गेलो, फिरून समुद्रपूरलाच आलो. ऐंशी साल मागं पडलं होतं. शेड जाऊन सिमेंटचा स्टँड झाला होता. दुकानाच्या जागी पानठेला आला होता, हत्यारं त्यानं भंगारात दिली होती. दौलतभाऊला छातीचं दुखणं लागलं होतं. गालांचे खड्डे झाले होते, आणि खोकला आला की खांबाला धरायचा.

त्याला वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरलं, तो नेमका दसऱ्याचा दिवस निघाला. थांबण्यासारखं राहिलं नव्हतं. सकाळची गाडी लागली होती. ड्रायव्हर-कंडक्टरनं बसला हार घातला होता, नारळ फोडला होता. दौलतभाऊ स्टँडच्या बाकावर बसला होता. वहिनी पिशवी घेऊन शेजारी. सवयीनं त्या घरून पूजेचं ताट घेऊन आल्या होत्या, ड्रायव्हर म्हणाला, "काकू, तुमीबी लावा ना गाडीले." त्या पुढं झाल्या नाहीत. ताट दोन्ही हातांनी धरून लांबच उभ्या राहिल्या.

"कौसल्या," दौलतभाऊनं हाक मारली. "इकडं ये."

त्या आल्या. त्यानं दोन्ही हात पुढं केले, तळवे वर करून. काळे डाग मुरलेले, नखं फुटलेली, सुकून काटक्या झालेले हात. म्हणाला, "हत्यारं त गेले. आता हे राह्यले. लाव."

वहिनी त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"लाव ना वो. ओलं लाव. अक्षताबी टाक."

वहिनींनी ताटातलं पाणी त्याच्या हातांवर शिंपडलं. त्यांनी हळद लावली, कुंकू लावलं, दोन्ही तळव्यांवर अक्षता टाकल्या. दौलतभाऊनं मुठी मिटल्या. मग माझ्याकडे बघितलं. मी खाकी कपड्यात, हातात शिट्टी, चारचौघांत उभा होतो, आणि माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या.

त्याला धरून आत चढवलं. खिडकीजवळची जागा मीच दिली. दांडा धरायला त्यानं हात उघडले नाहीत, मुठी छातीशी घेऊन बसला. लाल पाणी मनगटावरून शर्टाच्या बाहीत उतरत होतं. मी शिट्टी वाजवली आणि गाडी सोडली. दौलतभाऊ मला दिसला तो तेवढाच.

वहिनी काही दिवसांनी एकट्या परतल्या. मी भेटायला गेलो. त्यांनी चहा केला. चेहरा शांत होता, कित्येक वर्षांत पाहिला नव्हता इतका. म्हणाल्या, "भाऊजी, जाता जाता मले माफ केलं त्यायनं."

मी कपाकडे बघत "हो वहिनी" म्हटलं.